राणीच्या बागेचा खर्च

राणीची बाग इंग्रज सरकारने मुंबईकरांना बांधून दिली, हा समज अर्धाच खरा आहे. माझगावच्या माउंट इस्टेटवर ही बाग उभारली ती 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेने. संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते नवी बाग, म्हणजे 'व्हिक्टोरिया गार्डन्स', खुली झाली.

तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव होता आणि मुंबईत देणग्यांना तोटा नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड, जॉर्ज बर्डवुड प्रभृतींच्या खटपटीने बागेच्या आवारात संग्रहालयही उभे राहू लागले. १८६५ साली यादवी संपली, शेअरचा फुगा फुटला आणि वर्गण्या आटल्या. शेवटी सरकारी पैशाने काम तडीस जाऊन २ मे १८७२ रोजी संग्रहालय उघडले. बागेच्या संस्थेला मात्र असा कोणी वाली भेटला नाही. १८७३ साली ती आटोपली आणि बाग नगरपालिकेकडे आली.

माझ्या मते शहरातल्या उद्यानांचा खरा इतिहास या हस्तांतरापासून धरावा. बाग उभारायला पैसा मिळतो. देणगीदाराच्या नावाची पाटी लागते ना! माळ्यांचा पगार, पाणी, खत यांना मात्र पाटी नसते आणि ते दरसाल लागतात. हा खर्च आता करदात्यांवर आला. (यात चाळीतला भाडेकरूही धरायला हवा, घरमालक कर भाड्यातूनच वसूल करतो.) आदल्याच वर्षीच्या, १८७२च्या कायद्याने करदात्यांना पालिकेचे निम्मे सभासद निवडण्याचा हक्क मिळाला होता. मतदार थोडे होते, सधनच होते. तरी बागेच्या खर्चाचा जाब निवडून आलेल्या माणसाला विचारता येऊ लागला. संस्थेच्या काळात वर्गणीदाराखेरीज कोणाला तो अधिकार होता?

पुढे बाग वाढली, प्राणी आले, नाव 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' झाले. २०१७मध्ये पेंग्विन पाहायला रांगा लागल्या आणि त्याच वर्षी मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले. चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपयांची सवलत ठेवली. पाचवे माणूस बरोबर असले, तर त्याचे वेगळे. करातून एकदा दिलेल्या पैशांखेरीज हे दारावरचे.