ॲमस्टरडॅमच्या सायकली आणि छायाचित्रांतला पुरावा



इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तह आठवतात. आज मी तुमच्यापुढे सायकल घेऊन आलो आहे, आणि तीही परक्या गावातली. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहरात गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत रस्त्यांचे, सायकलींचे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे असंख्य फोटो काढले गेले. त्या फोटोंमधून इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळतं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी आजचा फोटो घेऊ. तुमच्यापैकी अनेकांनी असे फोटो पाहिले असतील, काहींनी तिथे जाऊन काढलेही असतील. कालव्यावरचा पूल, कठड्याला साखळीनं बांधलेल्या सायकली. पुढच्या लाकडी पेटीत दोन पोरं बसवून निघालेली आई. ऑफिसच्या कपड्यातले गृहस्थ. पावसात एका हातात छत्री धरून, दुसऱ्या हातानं हँडल सांभाळणारी मुलगी. आपण हे पाहतो आणि म्हणतो, "त्यांचं बरं आहे हो! देश सपाट, माणसं शिस्तीची, सायकल त्यांच्या रक्तातच आहे."

हे 'रक्तातच आहे' म्हणणं फार सोयीचं असतं. एकदा ते म्हटलं की विचार करायला नको आणि काही करायलाही नको. पण ते खरं आहे का? इथे आपल्याकडच्या दर्शनशास्त्राची थोडी मदत घेऊ. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक 'अनुपलब्धी' नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे मला कसं कळतं? घट असता तर दिसला असता; तो दिसत नाही, म्हणून तो नाही. नैयायिकांना हे मान्य नाही, तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्या कामाचा मुद्दा असा, की एखादी गोष्ट नाही हे कळायला ती तिथे असू शकते हे आधी ठाऊक असावं लागतं. ज्यानं घट कधी पाहिलाच नाही, त्याला रिकाम्या जमिनीवर फक्त जमीन दिसते.

आता पुन्हा त्या पुलाच्या फोटोकडे पाहा. तिथे काय नाही? मोटारींची रांग नाही. पण ही उणीव तुम्हाला तेव्हाच दिसेल, जेव्हा त्याच शहरातले मोटारींनी भरलेले चौक तुम्ही पाहिले असतील. ते पाहायचे तर जुन्या फोटोंकडे जायला हवं.

या शहराला फोटो काढणारी माणसं लवकर मिळाली. याकोब ओली हे व्यवसायशिक्षण देणाऱ्या शाळेतले शिक्षक. १८९० मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना छंद पुन्हा हाती घेतला आणि १९०५ मध्ये वारले तोवर शहराचे हजारो फोटो काढले. त्याच काळात ब्राइटनर हे नामवंत चित्रकार रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरत होते. मोलकरणी, हातगाड्या, घोडे, बांधकामावरचे मजूर असं सगळं ते टिपत. निवृत्त मास्तर काय करू शकतो, याचा ओलींइतका चांगला दाखला मला दुसरा माहीत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे सायकल हे सामान्य माणसाचं वाहन झालं. इतकं, की १९२४ पासून सरकारनं सायकलवर कर बसवला. कर भरला की धातूची छोटी पट्टी मिळायची. ज्यांना कर परवडत नसे अशा गरिबांना ती फुकट मिळे, पण तिला मधोमध भोक पाडलेलं असे. म्हणजे सायकलकडे बघून मालकाची परिस्थिती कळायची! आपल्याकडेही गावोगावच्या नगरपालिका सायकलचा कर घेत आणि बिल्ला देत, हे ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असेल.

मग युद्ध आलं. १९४२ च्या जूनमध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंना सायकली जमा करायला लावल्या. पुढच्याच महिन्यात इतर नागरिकांच्या सायकलींचीही मोठ्या प्रमाणावर जप्ती सुरू झाली. माणसाचं चालणंफिरणं तोडायचं तर त्याची सायकल काढून घ्यायची, हे जिंकणाऱ्याला बरोबर कळलेलं होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात शहरात भीषण उपासमार झाली. रबर मिळत नव्हतं, तरी लोक उरलेल्या सायकलींवर, टायरच्या जागी मिळेल ते बसवून, खेड्यापाड्यांत धान्य-बटाटे शोधत जात होते. रस्त्यावर फोटो काढायला तेव्हा बंदी होती. तरीही एमी आंड्रीस, कास ओर्टहाइस, शार्ल ब्राइयर अशा छायाचित्रकारांचा एक गट लपूनछपून काम करत होता. ब्राइयर यांचा कॅमेरा सायकलला अडकवलेल्या पिशवीत दडवलेला असे. मला हे फार अर्थपूर्ण वाटतं. एरवी सायकल फोटोत असते, इथे ती फोटो काढणाऱ्याच्या बाजूला होती. आणि ती इतकी रोजची वस्तू होती, की तिच्याकडे कोणी संशयानं पाहिलं नाही.

युद्ध संपलं, सुबत्ता आली आणि मोटार आली. इथून पुढचे फोटो मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. पन्नाशी-साठीच्या दशकांत कालव्याकाठचे रस्ते, चौक, देवळासमोरची पटांगणं मोटारींनी भरून गेलेली दिसतात. सायकलवाले कडेला, चेपलेले. १९५४ मध्ये तर शहराचे पोलीसप्रमुख कासयाखर यांनी वाहतुकीसाठी कालवे बुजवावेत अशी योजना मांडली होती. १९६७ मध्ये योकिनेन नावाच्या अमेरिकी नियोजकानं शहराच्या पोटात मोठे महामार्ग आणायचा आराखडा दिला. हे सगळं त्याच 'रक्तात सायकल असलेल्या' लोकांच्या गावात चाललं होतं.

विरोधही तिथेच उभा राहिला. १९६५ मध्ये प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटानं पांढऱ्या रंगाच्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर ठेवायची कल्पना मांडली. तिच्यामागे लूद स्खिमेलपेनिंक हे होते. पोलिसांनी त्या सायकली उचलून नेल्या, कारण काय, तर त्यांना कुलूप नव्हतं! तेव्हा लोक हसले. पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती. स्वतःची मुलगी अशा अपघातात गमावलेले पत्रकार फिक लांगनहॉफ यांनी १९७२ मध्ये 'बालहत्या थांबवा' या मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावानं चळवळ उभी राहिली. आईबाप, शाळकरी पोरं रस्ते अडवून बसू लागली. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलटंचाईमुळे काही रविवार मोटारींना बंदी झाली. त्या रविवारचे फोटो प्रसिद्ध आहेत. मोकळ्या महामार्गांवर माणसं सायकली घेऊन, पायांना चाकं बांधून मजेत हिंडताहेत. नसलेली मोटार त्या दिवशी सगळ्यांना एकदम दिसली. त्या दशकात हजारो सायकलस्वारांनी मोर्चे काढले. शहरातल्या संग्रहालयांसमोरच्या पटांगणावर सायकली आडव्या टाकून माणसं शेजारी निजली आहेत, असेही फोटो आहेत.

सत्तरीच्या अखेरीस नगरपालिकेचं धोरण पालटू लागलं. मोटारींची जागा हळूहळू आखडली, सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आले. तरीही प्रश्न एकदाच सुटला असं झालं नाही. राइक्सम्यूझियम या मोठ्या संग्रहालयाच्या इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. दुरुस्तीनंतर २०१३ मध्ये इमारत पुन्हा उघडली, त्याआधी तो रस्ता सायकलींसाठी ठेवावा की नाही यावर अनेक वर्षं भांडण चाललं होतं. सायकलवाल्यांनी तो राखला. २०२३ मध्ये मुख्य रेल्वे स्टेशनासमोर पाण्याखाली ७,००० सायकलींचा तळ उघडला. आज तिथे सायकलीसह फोटो काढून घेणाऱ्या पर्यटकाच्या हातात जे चित्र येतं, त्याच्यामागे हे सारं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुने फोटो हे 'रक्तात आहे' या समजुतीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत. जे आज निसर्गासारखं वाटतं ते माणसांनी ठरवून, भांडून घडवलेलं आहे, हे ते सांगतात. जे घडवलं ते मोडूही शकतं आणि जे मोडलं ते पुन्हा घडवताही येतं.

आता आपल्याकडे वळू. पुणं हे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, दूधवाले, सगळे सायकलवर. डबलसीट नेलं किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस धरायचे. तिथला मुलूख सपाट म्हणावा, तर पुण्याच्या पेठाही काही डोंगरावर नाहीत. पण त्या पुण्याचे साधे, रोजच्या रस्त्याचे फोटो किती घरांत आहेत? आपण फोटो काढले ते लग्नाचे, मुंजीचे, पुढाऱ्यांच्या सभांचे. सायकल कुठे आली तर कोपऱ्यात, चुकून. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे सायकलींचं पुणं आज आठवणींच्या गप्पांत उरलं आहे आणि गप्पांना कोणी पुरावा मानत नाही. तिशीतल्या मुलाला आज तुंबलेला रस्ता दाखवला, तर त्याला तिथे फक्त रस्ता दिसतो. घट कधी पाहिलाच नाही, तर तो नसल्याचं कळणार कसं?

तेव्हा ऐकणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. घरातले जुने अल्बम काढा. फोटोतल्या माणसांच्या मागे जो रस्ता दिसतो तो पाहा. ठिकाण आणि साल पेन्सिलनं मागे लिहा. आणि आपल्या गल्लीचा आजचा, अगदी कंटाळवाणा वाटेल असा फोटो काढून ठेवा. शाळा सुटायच्या वेळेचा काढलात तर उत्तम. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं आनेफो या वृत्तछायाचित्र संस्थेचे असंख्य जुने फोटो सर्वांसाठी इंटरनेटवर खुले केले आहेत, तेही सवडीनं पाहा. पन्नास वर्षांनी आपल्या शहरात काय नाहीसं झालं, किंवा काय परत आलं, हे कुणाला सिद्ध करायचं असेल, तर तुमच्या या फोटोवाचून त्याचं अडेल.

एवढं सांगून मी थांबतो.