जखमेवरचा मंत्र कोणाचा?

चळवळीतला पहिला धडा मला एका औषधपेटीने दिला. कारखान्यात पेटी होती, पण किल्ली साहेबाच्या खिशात. बोट कापलेला कामगार साहेबाची वाट पाहत बसे. तेव्हापासून कोणताही इतिहास वाचताना मी विचारतो : औषध कोणाच्या हाती होते?

आज हाच प्रश्न एका खेळाला विचारू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. चारचौघे मेजाभोवती बसून कल्पित वीरांच्या भूमिका घेतात, फासे टाकतात. एक जण पंच होतो. यात जखमा बऱ्या करणारा तो क्लेरिक, म्हणजे चिलखतधारी पुरोहित. पण १९७४ च्या नियमांत पहिल्या पायरीवरील क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे. देवकृपा दुसऱ्या पायरीपासून. तोवर उमेदवारी बिनपगारी!

पुढे वाटेकरी वाढले. १९७५ साली पॅलाडिन हा धर्मवीर आला. तो नुसत्या हस्तस्पर्शाने जखम भरी. मात्र आचरण ढळले की ही शक्ती जाई. १९७६ साली ड्रुइड, म्हणजे वनदेवतांचा पुजारी, आला. १९७८ च्या ग्रंथात क्लेरिकचा पहिल्या पायरीचा जखमेचा मंत्र ड्रुइडला दुसऱ्या पायरीवर ठेवला आहे. क्लेरिक मेलेल्याला त्याच देहात उठवी. ड्रुइड त्याला पुनर्जन्म देई, मग तो अस्वलाचा का असेना!

त्याच १९७८ साली ‘रूनक्वेस्ट’ हा दुसरा खेळ निघाला. त्यात जखमेचा मंत्र पुरोहिताची मिरास नव्हता. साधा शिपाईही तो शिके. पण त्याचे मोल मोजावे लागे. म्हणजे मक्तेदारी गेली आणि बाजार आला.

जुन्या खेळात आणखी एक अन्याय होता. क्लेरिक होणाऱ्याची पाळी इतरांच्या जखमा बांधण्यातच जाई. २००८ च्या आवृत्तीने यावर दोन उपाय काढले. वॉरलॉर्ड नावाचा सेनानी देवाशिवाय, केवळ धीराच्या शब्दाने सोबत्यांना उभे करू लागला. आणि प्रत्येक वीराला लढाईत एकदा स्वतःच दम घेऊन सावरण्याचा हक्क मिळाला. २०१४ च्या नियमांत क्लेरिक व ड्रुइड यांचा जखमेचा मंत्र एकाच पायरीवर होता.

हा खेळच आहे, हे मी जाणतो. पण देवळातली किल्ली सर्वांच्या हाती यायला तिथेही तीस-चाळीस वर्षे लागली. आमच्या पेटीची किल्ली दोन द्वारसभांनंतर भिंतीवरच्या खिळ्याला आली. ती कोणालाही घेता येई.