हवेच्या नळीत पाणी कशाला?

राहुरी तालुक्यातील आमच्या घरी एक जुनी, कार्बुरेटरची मोटार आहे. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तिने आम्हांला एक कोडे घातले. रेडिएटरमधले पाणी आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर कमी होई, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नसे. सकाळी गाडी सुरू केली की एक सिलिंडर मिसिंग करी, धुराड्यातून पांढरी वाफ निघे आणि पाच-दहा मिनिटांत सारे सुरळीत होई. हेडचे पॅकिंग गेले असावे, असे आम्हांला वाटले. पण खोलून पाहता दोष भलतीकडेच निघाला. सिलिंडरांकडे हवा आणि पेट्रोल नेणाऱ्या बहुशाखी नळीच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या, आतल्या भिंतीला बारीक छिद्र पडले होते. भिंतीच्या एका बाजूला हवा होती आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचे गरम पाणी. रात्रभर झिरपलेले पाणी सकाळी सिलिंडरात ओढले जात होते.

शेजारी उभ्या असलेल्या, दहावीतल्या पुतणीने लगेच विचारले, "काका, हवेच्या नळीत मुळात पाणी घातलंच कशाला?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायला आम्हांला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागले.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत योग्य प्रमाणात मिसळावी लागते. कार्ल बेंझ यांनी 1886 साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि जाताजाता ती वाफ बरोबर घेई. ही पद्धत सोपी, पण लहरी होती. इंधनातले हलके घटक आधी उडून जात आणि जड घटक टाकीत मागे राहत. विल्हेल्म मायबाख यांनी 1893च्या सुमारास वेगळी युक्ती वापरली. त्यांनी वाहत्या हवेच्या मार्गात बारीक तोटी ठेवून पेट्रोलचा फवारा उडवला. त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही अशाच रचनेचे पेटंट घेतले. अरुंद मार्गात हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, हे तत्त्व बेर्नुली (1738) आणि वेंचुरी (1797) यांच्या कामातून आधीच माहीत झालेले होते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या या तत्त्वावर पुढची शंभर वर्षे मोटारी धावल्या.

मात्र फवारा म्हणजे वाफ नव्हे. थेंबांची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती थेंब आजूबाजूच्या हवेतून घेतात. येथे एक छोटे गणित वर्गातही करता येईल. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे 350 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढे पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा हवी. हवेची विशिष्ट उष्णता प्रतिकिलो, प्रतिअंश सुमारे 1 किलोज्यूल धरली, तर 350 भागिले 14.7, म्हणजे हवा सुमारे 24 अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात सगळ्या पेट्रोलची वाफ नळीत होत नाही, म्हणून घट याहून कमी असते. तरीही हिवाळ्यातल्या पहाटे 10-12 अंशांची दमट हवा आत आली, तर तिच्यातल्या बाष्पाचे कार्बुरेटरमध्ये बर्फ होऊ शकते. बर्फ झाले नाही, तरी थंड भिंतीवर पेट्रोलचा ओला थर बसतो. तो सर्व शाखांत सारखा वाहत नाही. मग एका सिलिंडरला इंधन जास्त मिळते आणि दुसऱ्याला कमी.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली, तसे बाजारातले पेट्रोल अधिक जड, म्हणजे सावकाश उडणारे होत गेले आणि ही अडचण तीव्र झाली. तेव्हा अभियंत्यांनी फुकट जाणाऱ्या उष्णतेकडे पाहिले. फोर्ड मॉडेल-टी या गाडीत एक्झॉस्टच्या नळीभोवतीची तापलेली हवा कार्बुरेटरला पुरवण्याची सोय होती. पुढे इनटेक मॅनिफोल्ड थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटवून त्याचा तळ तापवण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये हे दोन्ही ओतीव लोखंडी भाग एकमेकांना बोल्टने जखडलेले असत. त्यांच्यामध्ये एक झडप असे आणि तिला द्विधातू स्प्रिंग बसवलेली असे. इंजिन थंड असताना झडप गरम वायू इनटेकच्या तळाकडे वळवी, तापल्यावर स्प्रिंग सैल होऊन त्यांना सरळ बाहेर जाऊ देई.

नगर हे लष्कराचे गाव असल्यामुळे जीप येथे अनोळखी नव्हती. नगरला मोटारीच्या इतिहासात आणखीही एक स्थान आहे. 1 जून 1948 रोजी सरकारी एसटीची पहिली बस पुणे आणि अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. त्या काळच्या बेडफर्डना सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. एका कार्बुरेटरमधून ओळीतल्या सहा सिलिंडरांना सारखे मिश्रण पोचवायचे, म्हणजे पंगतीत मधून वाढायला सुरुवात करून दोन्ही टोकांच्या पानांना मध्याइतकेच वाढायचे! नळी पुरेशी गरम नसेल, तर हे जमत नाही.

मात्र एक्झॉस्टची उष्णता आवरायला कठीण. तिचे तापमान कित्येक शे अंश असते आणि इनटेकची हवा फार तापली, तर ती विरळ होऊन सिलिंडरात कमी भरते व इंजिनाची शक्ती घटते. शिवाय पुढे इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट विरुद्ध बाजूला अशी इंजिने आली. तेव्हा उष्णता आणायची कोठून? उत्तर इंजिनातच फिरत होते. थर्मोस्टॅटमुळे 80-90 अंशांवर स्थिर राहणारे पाणी मॅनिफोल्डच्या पोटातून नेले, की सौम्य आणि जवळजवळ एकसारखी ऊब मिळते. लोखंडाऐवजी अॅल्युमिनियम वापरले, की ती लवकर पसरते. 1980 नंतर आपल्याकडे आलेल्या कित्येक छोट्या गाड्यांत असेच मॅनिफोल्ड होते. पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

मग आमच्या मॅनिफोल्डला छिद्र का पडले? गुन्हेगार आम्हीच होतो. रेडिएटरमध्ये आम्ही वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी ओतत आलो. मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालच्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी विहिरींचे पाणी जड आणि खारट आहे. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, संरक्षक थर असतो. पाण्यातले क्लोराइड आयन त्याला जागोजागी भेदतात. त्यात लोखंडी ब्लॉक, पितळ-तांब्याचा रेडिएटर आणि अॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड एकाच खारट पाण्यात असले, की जणू विद्युतघटच तयार होतो आणि त्यात झिजतो तो मुख्यतः अॅल्युमिनियम. छिद्राभोवतीची पांढरी भुकटी त्याचीच साक्ष देत होती.

नवे मॅनिफोल्ड आम्ही अंगणातच बसवले. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडली आणि रेडिएटर रिकामा केला. प्रत्येक होजला खुणेची चिठ्ठी बांधली. कार्बुरेटर उतरवल्यावर मॅनिफोल्डचे नट काढले आणि हेडच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली, कारण आत पडलेला एक वायसरही इंजिनाचा घात करतो. जुने पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडले. पोलादी पात्याने अॅल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तेथूनच हवा शिरते. नव्या मॅनिफोल्डवर सरळ पट्टी उभी धरून पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री केली. मग नवे पॅकिंग घालून मधल्या नटापासून टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्कच्या पान्याने नट आवळले. एका टोकाकडून आवळत गेले, तर दाब सारखा बसत नाही. शेवटी ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक कूलंट भरून आतली हवा काढली.

हा दोष अंगावर काढण्यासारखा नसतो. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरात बरेच साचले आणि स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाण्याची पातळी उगाच घटत असेल, तर छडा लागेपर्यंत गाडी सुरू न करणेच शहाणपणाचे.

आपल्याकडे हा इतिहास 2000 सालाच्या आसपास वळणावर आला. त्या वर्षी देशभर शिसेरहित पेट्रोल आणि नवी उत्सर्जन मानके लागू झाली व नव्या मोटारींतून कार्बुरेटर झपाट्याने हद्दपार झाला. इंधन थेट झडपेजवळ फवारले जाऊ लागले आणि मॅनिफोल्डमधून फक्त हवा वाहू लागली. हवेला तापवण्याची गरज उरली नाही, उलट ती थंड राहिलेलीच बरी. म्हणून आजची अनेक मॅनिफोल्डे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असतात.

पण जुन्या गाड्यांसाठी प्रश्न संपलेला नाही. 2025 साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोचले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम 1950-51चा. आज याच जिल्ह्यातल्या उसापासून इथेनॉल तयार होते. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला सुमारे 850 किलोज्यूल लागतात आणि ते जळायला हवा लागते अवघी 9 किलो. वरचेच गणित 20 टक्के मिश्रणासाठी केले, तर 24 अंशांऐवजी उत्तर सुमारे 34 येते. म्हणजे कार्बुरेटरच्या गाडीला मॅनिफोल्डमधल्या गरम पाण्याची गरज आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. पाणी गळते म्हणून ती वाट बुजवून टाकण्याचा सोपा सल्ला कोणी दिला, तर हे गणित आठवावे.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. दोन तापमापींच्या फुग्यांवर कापूस गुंडाळावा, एकावर पाणी व दुसऱ्यावर दवाखान्यातले स्पिरिट घालून वारा घालावा आणि पारा पाहावा. जवळपास ज्योत नसावी आणि पेट्रोल मात्र या प्रयोगाला कधीही वापरू नये. पारा उतरू लागला, की हवेच्या नळीत पाणी कशाला, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील. आणि ते पाणी विहिरीचे का नसावे, हे सांगायला आमचे जुने मॅनिफोल्ड अजून अंगणात पडलेले आहे.