स्प्रिंग : प्रकारांचा विकास व निवड

भार पडताच ज्याचा आकार बदलतो, या बदलात खर्ची पडलेले कार्य जे ऊर्जारूपाने साठविते व भार काढताच मूळ आकार घेऊन ती ऊर्जा बहुतांशी परत देते, अशा मुद्दाम बनविलेल्या स्थितिस्थापक यंत्रभागास स्प्रिंग म्हणतात. मराठीत घड्याळाच्या बाबतीत ‘कमान’ व मालमोटारीच्या बाबतीत ‘कमानपाटे’ हे शब्द रूढ आहेत. पहिला भाग ऊर्जा साठवितो, तर दुसरा धक्का सोसतो. कामे इतकी भिन्न असूनही शब्द एकाच मुळापासून आले, यावरून दोन्हींच्या मुळाशी धनुष्याची वाकलेली कांब आहे हे कारागिरांनी ओळखले होते असे दिसते.

कोणत्या कामाला कोणत्या प्रकारची स्प्रिंग घ्यावी हा प्रश्न आज सूत्रे व कोष्टके यांच्या साहाय्याने सोडविला जातो. तथापि आजचे बहुतेक प्रकार सूत्रांतून निर्माण झालेले नाहीत. एखादी स्प्रिंग विशिष्ट कामात अपुरी पडली, तिचा दोष नेमका कोठे आहे हे कोणी शोधून काढले व त्यातून नवा प्रकार रूढ झाला, असा हा इतिहास आहे. त्याचा सर्वांत बोधक भाग घड्याळांच्या संदर्भात घडला असल्यामुळे त्याचे विवरण येथे अधिक विस्ताराने केले आहे.

*घड्याळातील मुख्य कमान* : मनोऱ्यावरील घड्याळे लोंबत्या वजनावर चालत. वजनाची ओढ अखेरपर्यंत सारखी राहते. पण असे घड्याळ हलविता येत नाही. पंधराव्या शतकात वजनाऐवजी गुंडाळलेल्या पोलादी पट्टीचा वापर सुरू झाला. न्यूरेंबर्ग येथील संग्रहालयातील सु. १४३० चे बर्गंडीचे घड्याळ हे कमानीवर चालणाऱ्या उपलब्ध घड्याळांपैकी सर्वांत जुने समजले जाते. पट्टीमुळे घड्याळ सुटसुटीत झाले खरे. परंतु पूर्ण गुंडाळलेली पट्टी जोराने व सुटत आलेली पट्टी मंदपणे फिरविते. त्या काळी तोलचक्राला स्वतःची अशी निश्चित लय नव्हती, त्यामुळे ओढ बदलली की वेळही बदले. यावर फ्यूझी हा उपाय निघाला. फ्यूझी म्हणजे सर्पिल खाच असलेला शंकू. कमानीचा जोर जास्त असताना तिची तात किंवा साखळी शंकूच्या अरुंद भागावरून ओढली जाते व जोर घटत जातो तशी ती रुंद भागाकडे सरकते. यामुळे चाकांना मिळणारे परिबल जवळजवळ सारखे राहते. कमान न बदलता तिच्या स्वभावाशी जुळणारी यंत्रणा शेजारी बसविण्याचा हा मार्ग निवडीच्या शास्त्रात आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

*केशकमान* : खरा दोष तोलचक्रात होता. लंबकाला गुरुत्वाकर्षण मध्यबिंदूकडे परत आणते. तोलचक्राला परत आणणारे काहीच नव्हते. रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) यांनी स्प्रिंगची प्रेरणा तिच्या विस्थापनाच्या प्रमाणात असते, हा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला व १६७८ मध्ये त्याची उकल प्रसिद्ध केली. प्रेरणा विस्थापनाच्या प्रमाणात असेल, तर आंदोलन लहान असो वा मोठे, त्याला लागणारा वेळ एकच असतो. तोलचक्राला नेमका हाच गुण हवा होता. क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६७५ च्या प्रारंभी सपाट सर्पिल केशकमानीची कल्पना मांडली आणि पॅरिसमधील घड्याळजी ईझाक त्यूरे यांनी तसे घड्याळ तयार केले. आपण ही कल्पना त्यापूर्वीच वापरली होती असा दावा हूक यांनी केला व त्यावरून बराच वाद झाला. हूक यांना स्प्रिंगच्या तत्त्वाचे व हायगेन्झ यांना सर्पिल आकाराचे श्रेय देणे सयुक्तिक वाटते. आकाराचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, कारण सरळ पट्टी तोलचक्राला थोड्याच कोनातून फिरू देते, तर सर्पिल पट्टी लांब असूनही थोड्या जागेत मावते व मोठ्या कोनातून वळू शकते. केशकमान आल्यानंतर खिशातील घड्याळांवर मिनिटकाटा अर्थपूर्ण ठरला.

समुद्रावर मात्र एवढ्याने भागले नाही. रेखांश काढण्यासाठी मूळ बंदराची वेळ जहाजावर अचूक ठेवावी लागते. वेळेत चार मिनिटांची चूक झाली, तर रेखांशात एक अंशाची चूक होते. १७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजे खडकांवर आपटून हजाराहून अधिक माणसे बुडाली. या दुर्घटनेनंतर हा प्रश्न ऐरणीवर आला व १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने त्याच्या उकलीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. येथे केशकमानीचा एक लपलेला दोष उघड झाला. तापमान वाढले की पोलादाची स्थितिस्थापकता कमी होते. साध्या पोलादी केशकमानीचे घड्याळ दर अंश सेल्सियसमागे दिवसाला सु. ११ सेकंद मागे पडते. तापमानात १० अंशांचा फरक पडला, तर एका दिवसात होणारी चूक विषुववृत्तावर सु. ५० किमी. भरते. पट्टी लांब होण्याचा व चक्र प्रसरण पावण्याचा यातील वाटा लहान असून मोठा वाटा पोलाद मऊ पडण्याचा आहे. लांबी मोजून हा दोष दिसत नाही, म्हणून तो पकडणे कठीण होते.

जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीचा उपयोग करून केशकमानीची कार्यकारी लांबी तापमानाप्रमाणे आपोआप बदलण्याची युक्ती योजली. त्यांच्या चौथ्या कालमापकाने १७६१-६२ च्या जमेकाच्या सफरीत ८१ दिवसांत, ठरीव दैनिक चूक वजा करता, सु. ५ सेकंदांचीच तफावत दाखविली. त्यांच्या पुढच्या पिढीतील जॉन आर्नल्ड यांनी भरपाईचे काम तोलचक्राकडेच सोपविले आणि केशकमानीसाठी सर्पिल आकार सोडून मळसूत्री आकार घेतला (एकस्व १७७५). सपाट सर्पिल उलगडताना एका बाजूला झुकते व तोलचक्राच्या आसावर तिरकी प्रेरणा देते. मळसूत्राची वेटोळी मात्र आसाभोवती समकेंद्री राहू शकतात. त्यासाठी टोके आत वळवावी लागतात, हे आर्नल्ड यांनी १७८२ च्या एकस्वात दाखविले. मळसूत्री केशकमानीला उंची लागते. जहाजाच्या पेटीत ती अडचण नव्हती, खिशात होती. म्हणून सागरी कालमापकात मळसूत्री व खिशातील घड्याळात सर्पिल अशी विभागणी पुढे टिकून राहिली. आब्राआम-ल्वी ब्रेगे यांनी सर्पिलाचे शेवटचे वेटोळे वर उचलून आत वळविले व सपाटपणा फारसा न सोडता मळसूत्राचा बराच लाभ मिळविला. एकाच तत्त्वाच्या दोन आकारांपैकी कोणता घ्यावा हे येथे केवळ उपलब्ध उंचीने ठरविले.

तापमानाच्या दोषाचे मूळ धातूत होते व ते अखेर धातूतच दूर झाले. शार्ल एद्वार गीयोम (१८६१–१९३८) यांनी निकेल-पोलादांचा अभ्यास करताना १८९६ मध्ये अत्यल्प प्रसरणाचे इन्व्हार शोधले. त्यानंतर त्यांनी क्रोमियम वगैरे घटक मिसळून, सामान्य तापमानांत जिची स्थितिस्थापकता जवळजवळ बदलत नाही, अशी एलिन्व्हार ही मिश्रधातू तयार केली. त्यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलिन्व्हारमुळे भरपाईची नाजूक तोलचक्रे हळूहळू अनावश्यक झाली. एकविसाव्या शतकात काही घड्याळांत सिलिकॉनच्या केशकमानी वापरात आल्या असून त्यांवर चुंबकत्वाचा परिणाम होत नाही.

*वाहनांचे कमानपाटे* : गाडीच्या स्प्रिंगला वेळेची अचूकता नको असते, थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा सामावणे व तुटताना एकदम न तुटणे हे गुण हवे असतात. लंडनमधील गाड्या बांधणारे ओबाडाया एलिअट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांची रचना आणली व त्यामुळे घोडागाडीखालील जड लाकडी कणा वगळता आला. एका टोकाशी पक्क्या केलेल्या सारख्या रुंदीच्या व जाडीच्या पट्टीवर दुसऱ्या टोकाशी भार दिला, तर तिच्यात साठणारी ऊर्जा सर्वत्र समान प्रतिबल असते तर साठली असती तिच्या केवळ एक नवमांश असते, कारण महत्तम प्रतिबल फक्त मुळाशी येते. पट्टी त्रिकोणी केली, तर तिच्या सर्व लांबीवर महत्तम प्रतिबल सारखे होते आणि हे प्रमाण एक तृतीयांशावर जाते. त्रिकोणी पट्टीचे उभे काप करून ते एकावर एक ठेवले की उतरत्या लांबीचे पाटे मिळतात. लोहारांनी हा आकार अनुभवाने गाठला होता. त्याचे गणित फ्रेंच खाणकाम अभियंते एद्वार फिलिप्स (१८२१–८९) यांनी १८५२ च्या रेल्वे स्प्रिंगांवरील निबंधात मांडले. याच फिलिप्स यांनी १८६१ मध्ये केशकमानीच्या टोकांची वळणे कशी असावीत याचे गणित दिले. आगगाडीचा पाटा व घड्याळातील केसासारखी पट्टी ही दोन्ही एकाच मनुष्याने सोडविली, हा योगायोग खचित नव्हे. दोन्हींत पट्टी वाकते, एवढाच प्रश्न आहे.

पाट्यांमधील घर्षण हा त्यांचा गुणही आहे आणि दोषही. आंदोलने विझविण्यासाठी वेगळा दोलनशामक नसला तरी घर्षणामुळे काम भागते, तसेच पाटे आसाला जागेवर धरूनही ठेवतात. परंतु लहान धक्के घर्षणावर मात करू शकत नाहीत व ते थेट प्रवाशांपर्यंत पोहोचतात. शिवाय गंज व माती यांनी घर्षण बदलत राहते. भारतीय रेल्वेच्या जुन्या डब्यांना पाटे असत. पेरांबूर येथील डबे कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेल्या डब्यांना मळसूत्री स्प्रिंगा व त्यांच्या जोडीला तेलाचे दोलनशामक आले. मालमोटारींत मात्र पाटे टिकून आहेत. एखादा पाटा तुटला तरी उरलेल्यांवर गाडी मुक्कामाला पोहोचते व आडगावच्या लोहारालाही तो बदलता येतो. आरामाची तुलना करताना ही बाब पुष्कळदा विसरली जाते.

*मळसूत्री व पिळाच्या स्प्रिंगा* : दाबाच्या मळसूत्री स्प्रिंगची तार दाबली वा वाकविली जात नाही, मुख्यतः पिळली जाते. उलट कपड्याच्या चिमट्यातील स्प्रिंग पिळली जात असल्यासारखी दिसते, पण तिची तार वाकत असते. नावावरून निवड करणारे येथे हमखास फसतात. तारेचा व्यास दुप्पट केल्यास स्प्रिंग १६ पट ताठर होते; वेटोळ्याचा व्यास दुप्पट केल्यास ताठरपणा एक अष्टमांश होतो. तार तोकड्या वेटोळ्यात वळविल्यास आतल्या बाजूचे प्रतिबल साध्या सूत्रापेक्षा बरेच अधिक असते. वेटोळ्याचा व्यास तारेच्या पाचपट असता ते सु. ३१ टक्क्यांनी, तर तिप्पट असता सु. ५८ टक्क्यांनी वाढते. ही दुरुस्ती अमेरिकन अभियंते ए. एम. वॉल यांनी १९२९ मध्ये दिली.

तिची निकड एंजिनांच्या झडपांनी निर्माण केली होती. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या चारधावी एंजिनातील झडपेची स्प्रिंग तासाला १,८०,००० वेळा दाबली जाते, म्हणजे सु. ५६ तासांत एक कोटी आवर्तने पुरी होतात. अशा स्प्रिंगा भाराने नव्हे तर शिणवट्याने, पृष्ठभागावरील बारीकशा ओरखड्यापासून तुटत. जे. ओ. आल्मेन व इतरांच्या कार्यामुळे १९३० नंतर पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा करून तेथे दाबाचे प्रतिबल कायमचे ठेवण्याची रीत रूढ झाली व तेवढ्याच तारेचे आयुष्य पुष्कळ वाढले. तरीही वेग फार वाढला की स्प्रिंगच्या वेटोळ्यांतच अनुस्पंदन सुरू होते. यावर दुकातीची झडप यांत्रिक रीत्या बंद करण्याची रचना (१९५६) व शर्यतीच्या मोटारींत रनॉल्टने १९८६ मध्ये वापरलेली दाबाखालील वायूची स्प्रिंग हे उपाय निघाले. पहिल्यात धातूची परतीची स्प्रिंग जवळजवळ वगळली आहे. दुसऱ्यात फक्त धातू वगळला आहे.

जागेच्या टंचाईतून निघालेला प्रकार म्हणजे झ्युल्यँ बेल्व्हील यांनी १८६७ मध्ये एकस्व घेतलेली बशीसारखी चकती स्प्रिंग होय. अगदी थोड्या हालचालीत ती मोठा भार घेते. चकत्या एकाच दिशेने रचल्यास भार वाढतो, पाठीला पाठ लावून रचल्यास हालचाल वाढते. मोटारीच्या खाली जागा आडवी असते, म्हणून फेर्डिनांट पोर्श यांनी १९३१ मध्ये सरळ पीळ दांड्याचे एकस्व घेतले. मळसूत्र उलगडून सरळ केल्यास तो मिळतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ल्यूसियन लाकोस्ट (१९०८–९५) यांची ‘शून्य लांबीची’ स्प्रिंग येते. तिची वेटोळी पूर्वताणाने अशी घट्ट वळविलेली असतात की तिची प्रेरणा वाढलेल्या लांबीच्या नव्हे, तर एकूण लांबीच्या प्रमाणात असते. १९३२ मध्ये भूकंपमापकासाठी सुचलेल्या या कल्पनेने गुरुत्वमापकाला इतकी संवेदनक्षमता दिली की खनिज तेलाच्या शोधात जमिनीवरूनच खालच्या खडकांच्या घनतेचा अंदाज बांधता येऊ लागला. त्याच वर्षी जॉर्ज कार्वर्डिन यांनी स्प्रिंगांनी तोललेल्या हातांचा टेबलदिवा तयार केला. कोणत्याही स्थितीत सोडला तरी तो तेथेच राहतो, कारण त्याच्या स्प्रिंगा दिव्याच्या वजनाचे परिबल प्रत्येक कोनात जवळजवळ तंतोतंत फेडतात.