युद्धकाळातील मोटारजोडणीचे कारागीर

पाटस हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील गाव. लष्करी मोटारींचा तांडा तेथून जाऊ लागला की माझे चुलते हातातील काम टाकून ओट्यावर येत व केवळ आवाजावरून इंजिनाची प्रकृती सांगत. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत फिटर होते. गावात मात्र ‘बंदूक न उचललेला शिपाई’ अशी त्यांची थट्टा होई आणि ती त्यांच्या जिव्हारी लागे. ती थट्टा किती अज्ञानमूलक होती हे ज्ञातिबांधवांस कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९३९ साली हिंदी फौजेत सुमारे दोन लक्ष माणसे होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लक्षांच्या घरात गेली. एवढ्या फौजेस लागणाऱ्या मोटारी मुख्यतः कॅनडा व अमेरिकेतून येत, आणि त्यांतील पुष्कळशा लाकडी खोक्यांतून सुट्या भागांच्या रूपाने येत! उभी मोटार जहाजात फार जागा अडविते आणि पाणबुड्यांच्या त्या दिवसांत हातभर जागाही मोलाची होती. मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना १९२८ पासून होता. फोर्डचाही मुंबईत होता. कॅनडातील फोर्डच्या सांगाड्यावर टाटांचे जमशेदपुरी पोलाद चढवून केलेल्या चिलखती गाड्यांचे तर नावच ‘टाटानगर’ पडले.

चुलते सांगत, खोके फोडले की सांगाडा घोड्यांवर ठेवावयाचा, त्यास कमानपाटे व अ‍ॅक्सल जोडावयाचे, मग चेनकप्पीने इंजिन उचलून बसवावयाचे. त्यानंतर सुकाणू, ब्रेकच्या नळ्या आणि चाके. एखादा नट सैल राहिला तर इंफाळकडील घाटात गाडी माणसांसह दरीत जावयाची. म्हणून नट आवळल्यावर ते पुन्हा एकदा पान्हा लावून पाहत. ही सवय त्यांच्या हाताला जन्मभर राहिली. घरची सायकलही तिच्यातून सुटली नाही.

कारागीर आणावे कोठून, हा सरकारपुढे मोठाच प्रश्न होता. १९४० साली तंत्रशिक्षणाची योजना निघाली. १९४३ साली वीज व यंत्रकामाचे स्वतंत्र लष्करी दल स्थापन झाले. भात्यापुढे वाढलेल्या आपल्या मुलास लोखंडाचा स्वभाव शिकवावा लागला नाही. इंचांतील नकाशा वाचावयास मात्र शिकवावा लागला. चुलत्यांना तो तीन महिन्यांत येऊ लागला. वस्तुतः ते मराठी चौथी शिकलेले होते.

१९४६ साली ते सुटून आले. त्यांचा सेवामुक्तीचा कागद मजपाशी आहे. त्यावर हुद्द्याखाली त्यांचा धंदा नोंदविला आहे. ज्या कुटुंबांत असे कागद असतील त्यांनी ते वाळवीपासून जपावेत व पुढील स्मरणिकेसाठी त्यांची नक्कल मंडळाकडे धाडावी, ही विनंती.