पोलाद घडवले, हृदयाचे काय?

भिलाई पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातून इकडे येणे म्हणजे परप्रांतात जाणे नव्हते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि आपल्या मागच्या पिढीचे संसार येथे उभे राहिले.

त्या काळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास होते. देवी, हिवताप, क्षय, पटकी यांचीच धास्ती असे. लसी आल्या, औषधे आली, नळाचे पाणी आले. १९७५ नंतर देवीचा रोग भारतातून हद्दपार झाला. आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे.

मात्र वाढलेल्या आयुष्याबरोबर दुसरे दुखणे आले. १९९० मध्ये देशातील शंभर मृत्यूंपैकी सुमारे १५ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत. २०१६ मध्ये ते २८ झाले. सायकल गेली, स्कूटर आली. तेल-तूप, मीठ, साखर वाढली. तंबाखू सुटली नाही.

हा ‘श्रीमंतांचा रोग’ हा समज आता टिकत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले, की हृदयविकाराच्या झटक्यामागचा सुमारे ९० टक्के धोका तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, मानसिक ताण अशा नऊ बाबींतून समजतो. त्याच अभ्यासात दिसले, की दक्षिण आशियात पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो. इतरत्र सुमारे सहा वर्षे उशिरा.

त्रेपन्न म्हणजे नोकरी चालू, मुलीचे लग्न व्हायचे, मुलाचे शिक्षण अर्धवट, घराचे हप्ते बाकी. एका माणसाच्या छातीत कळ येते आणि साऱ्या घराचा हिशेब बिघडतो.

बंधू-भगिनींनो, या नऊ बाबींपैकी बहुतेक आपल्या हाती आहेत. गणपतीच्या या दहा दिवसांत घरातील तिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. तंबाखू सोडावी. छातीत दाब वाटला, घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठावे.