इंजेक्टरची घरगुती दुरुस्ती : काय शक्य, काय धोक्याचे

मोटारीने थांबल्या जागी थरथरणे, चढावर दम टाकणे, लिटरमागे मिळणारे अंतर हळूहळू घटत जाणे, या तक्रारी घेऊन वाहनधारक गॅरेजमध्ये गेला की अनेकदा इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला चार इंजेक्टर असतात. चारही नवे घ्यायचे म्हटले, तर जुन्या मोटारीच्या बाबतीत हा खर्च मालकाच्या डोळ्यांवर येतो. प्रत्यक्षात बहुतेक इंजेक्टर निकामी झालेले नसून केवळ मळलेले असतात. थोडी अवजारे, पुरेसा वेळ आणि सावधपणा असेल, तर हे काम घरी करणे शक्य आहे. मात्र त्याच्या मर्यादा आधी समजून घेतल्या पाहिजेत.

कार्ब्युरेटर ते इंजेक्टर

इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपणाची पद्धत मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणण्याचे श्रेय जर्मनीच्या बॉश कंपनीकडे जाते. तिची डी-जेट्रॉनिक ही प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारीवर आली. भारतात मात्र कार्ब्युरेटरचे राज्य नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत टिकले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात १ एप्रिल २००० पासून नव्या खासगी मोटारींना युरो-२ निकष लागू झाले. त्यापाठोपाठ मुंबईसारख्या महानगरांची पाळी आली आणि मारुती ८०० सारख्या साध्या मोटारीवरही 'एमपीएफआय' ही अक्षरे झळकू लागली. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर नाशिकचा 'मायको' म्हणजे आजच्या बॉशचा कारखाना डिझेल इंजेक्टर व नोझलसाठीच ओळखला जातो. प्रस्तुत लेख मात्र केवळ पेट्रोल मोटारीच्या साध्या इंजेक्टरपुरता मर्यादित आहे.

रचना व कार्य

इंजेक्टर म्हणजे विजेवर चालणारी एक अतिसूक्ष्म तोटी होय. पंपाने पाठविलेले पेट्रोल साधारण तीन बार दाबाने त्याच्या माथ्याशी उभे असते. आतील तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की चुंबकत्व निर्माण होते, सुई उचलली जाते आणि टोकाच्या छिद्रांतून इंधनाचा फवारा उडतो. वीज थांबताच स्प्रिंग सुईला पुन्हा बैठकीवर दाबून बसविते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असताना प्रत्येक इंजेक्टर साधारणतः ४०० वेळा उघडतो आणि प्रत्येक वेळी जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडा राहतो. एवढ्या अल्प काळात किती इंधन जावे, याचा हिशेब संगणक करतो. छिद्रावर अगदी पातळ थर साचला तरी तो हिशेब कोलमडतो.

हा थर धावत्या मोटारीत कमी आणि थांबलेल्या मोटारीत अधिक साचतो. इंजिन बंद केल्यावर थंड हवेचा व पेट्रोलचा ओघ थांबतो, पण धातूतील उष्णता टोकापर्यंत पोचतच राहते. तेथे उरलेल्या थेंबातील हलके घटक उडून जातात आणि जड घटक लाखेसारखे चिकटून बसतात. शहरात दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन किलोमीटर चालणारी मोटार म्हणूनच महामार्गावरील मोटारीपेक्षा लवकर आजारी पडते. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री २०२३ पासून सुरू झाल्यावर जुन्या मोटारींच्या बाबतीत आणखी एक मुद्दा पुढे आला. इथेनॉल ओलावा शोषते, टाकीतील जुना गाळ सैल करते आणि हलक्या प्रतीच्या रबराला मानवत नाही.

आधी निदान

इंजेक्टरला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, थ्रॉटलवरील काजळी आणि इग्निशन कॉइल तपासावी. वरील सर्व लक्षणे यांपैकी कशानेही उद्भवू शकतात. त्यानंतर मंद चालत्या इंजिनात लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर टेकवून मुठीला कान लावावा. टिकटिक नियमित ऐकू आली, तर सुई हलते आहे असे समजावे. मग इंजिन बंद करून, जोडणी काढून मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजावा. बहुसंख्य मोटारींत तो १२ ते १६ ओहम असतो. चारही इंजेक्टरचे आकडे जवळपास सारखे असणे महत्त्वाचे. एखाद्याचा रोध अनंत किंवा जवळजवळ शून्य आला, तर वेटोळे जळाले आहे. अशा इंजेक्टरला घरगुती उपाय नाही.

दोष सौम्य असेल, तर टाकीत घालावयाचे चांगल्या प्रतीचे इंजेक्टर क्लीनर आधी वापरून पाहावे. दोन टाक्यांनंतरही फरक पडला नाही, तरच इंजेक्टर उतरविण्याचा विचार करावा.

'पुनर्बांधणी' म्हणजे नेमके काय?

इंजेक्टरचे कवच कारखान्यातच कायमचे बंद केलेले असते. ते उघडून सुई किंवा स्प्रिंग बदलता येत नाही. घरी शक्य असते ती आतून सफाई आणि झिजणाऱ्या चार वस्तूंची अदलाबदल : वरची ओ-रिंग, खालची ओ-रिंग, माथ्यातील बारीक जाळी आणि काही जातींत टोकावरील प्लॅस्टिकची टोपी. या वस्तूंचा संच पुण्यातील नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात मोटारीचे मॉडेल सांगून मागावा. त्याची किंमत नव्या इंजेक्टरच्या तुलनेत किरकोळ असते. ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन जातीच्याच घ्याव्यात. नळाच्या दुकानातील साधी रबरी कडी आकाराने बसली, तरी ती वापरणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

कामाचा क्रम

काम उघड्या, हवेशीर जागीच करावे. सोसायटीचे तळघर किंवा बंदिस्त पार्किंग यासाठी सर्वस्वी अयोग्य आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. कोरड्या पावडरीचे अग्निशामक हाताशी ठेवावे, डोळ्यांना चष्मा व हातांना रसायनरोधक हातमोजे घालावेत.

सकाळी इंजिन थंड असताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करावे. नळीतील दाब संपला की ते आपोआप बंद पडेल. दोन वेळा पुन्हा स्टार्टर मारून मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. तरीही नळी सैल करताना भोवती फडके गुंडाळावे, कारण थोडे पेट्रोल सांडणारच. इंजेक्टरभोवतीची धूळ आधीच साफ केलेली असावी, अन्यथा ती थेट इंजिनात जाते. प्रत्येक इंजेक्टरवर सिलिंडरचा क्रमांक लिहावा, जोडण्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि उघडी भोके स्वच्छ कापडाने झाकावीत.

नंतर जुन्या ओ-रिंग व टोपी काढाव्यात. माथ्यातील जाळीत लहान स्क्रू अलगद फिरवून तो पकडीने सरळ वर ओढल्यास जाळी बाहेर येते. सफाईपूर्वीच ती काढावी, म्हणजे आतील कचऱ्याला बाहेर पडायला वाट मिळते. इंजेक्टरला नऊ व्होल्टच्या बॅटरीने क्षणभर वीज द्यावी, क्षणभर थांबावे. या ठेक्यात तो उघडत-मिटत असताना क्लीनरचा फवारा प्रथम टोकाकडून माथ्याकडे आणि मग माथ्याकडून टोकाकडे सोडावा. वीज सलग दिल्यास वेटोळे तापून जळते. फवारा ज्वलनशील असल्याने बटण व बॅटरी लांब तारेने पुरेशा दूर ठेवाव्यात, म्हणजे ठिणगी वाफेपर्यंत पोचणार नाही.

चष्मे-दागिने धुण्याचे छोटे अल्ट्रासॉनिक यंत्र घरी असल्यास त्यात केवळ इंजेक्टरचे टोक बुडवावे, विजेची जोडणी कोरडी ठेवावी. द्रव पाण्यात मिसळणाऱ्या साबणाचाच असावा. अशा यंत्रात पेट्रोल किंवा थिनर कदापि घालू नये. छिद्रात सुई, तार किंवा ब्रश घालण्याचा मोहही टाळावा. मिलिमीटरच्या अंशाइतक्या त्या छिद्राचा आकार एकदा बिघडला की फवारा कधीच सुधारत नाही.

तपासणी गॅरेजमध्ये

सफाई घरी झाली, तरी समान प्रवाहाची खात्री घरी नीट होत नाही. डब्यातील दाब प्रत्येक फवाऱ्यागणिक उतरतो, त्यामुळे तुलना फसवी ठरते. चारही इंजेक्टर इंजेक्टर-चाचणीचे यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये नेऊन केवळ चाचणी करून घेणे हाच काटकसरीचा मध्यममार्ग. काचेच्या नळ्यांत जमलेल्या द्रवाची पातळी चौघांची सारखी हवी, फवारा शंकूसारखा हवा आणि वीज नसताना टोकाशी थेंब लोंबता कामा नये. गळणारा इंजेक्टर सफाईनंतरही गळत असेल, तर तो बदलावाच. त्यातून झिरपणारे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढते, इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि न जळता पुढे गेले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकते. वाचविलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च मग एका दिवसात उभा राहतो. चौघांपैकी एक इंजेक्टर कमी इंधन देत असेल, तर त्या सिलिंडरमधील मिश्रण विरळ होते आणि भाराखाली पिस्टन अतितप्त होतो.

जोडणी

नवी जाळी सरळ दाबून बसवावी. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट फिरवून इंजेक्टर वाकडा न करता आत ढकलावा. कोरडी ओ-रिंग चिरते आणि गळती तेथूनच सुरू होते. सर्व जोडण्या, फ्यूज व बॅटरी पूर्ववत झाल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. किल्ली केवळ 'ऑन' करून पंपाने दाब भरू द्यावा, बंद करावी, असे तीन-चार वेळा करून प्रत्येक जोड विजेरीने पाहावा. ओलसरपणा किंवा वास जाणवला, तर पुन्हा सुरुवातीपासून. सर्व कोरडे असेल तरच इंजिन सुरू करून दहा मिनिटे निरीक्षण करावे आणि दुसऱ्या दिवशी मोटार काढण्यापूर्वी पुन्हा एकदा बॉनेट उघडावे. मळलेला द्रव गटारात ओतू नये.

येथे हात लावू नये

डिझेलच्या कॉमन रेल प्रणालीत दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते व तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या नव्या पेट्रोल इंजिनांतही दाब शंभर बारच्या पुढे असतो आणि टोकाकडील टेफ्लॉनची सीलबंदी खास अवजारांखेरीज बसत नाही. या दोन्ही जातींना घरगुती प्रयोगातून वगळलेच पाहिजे. जी मोटार हमीच्या मुदतीत आहे, तिच्याबाबतही हाच नियम.

साध्या पेट्रोल इंजेक्टरच्या कामात खर्चाची कात्री सफाईच्या मजुरीवर चालवावी. ओ-रिंग, चाचणी आणि गळतीची तपासणी यांवर मात्र ती कधीही चालवू नये.